द लाँग डार्क: अन्न आणि पाण्याच्या हिशोबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ‘द लाँग डार्क’ या गेमच्या सर्व्हायव्हल मोडसाठी आहे, म्हणजे कथेशिवाय जमेल तितके दिवस तगून राहायच्या प्रकारासाठी. कॅनडातल्या हिंटरलँड स्टुडिओचा हा गेम २०१४ च्या सप्टेंबरमध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच खेळायला, आला आणि १ ऑगस्ट २०१७ रोजी पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. ग्रेट बेअर नावाचं काल्पनिक बेट, भूचुंबकीय वादळाने बंद पडलेली वीज, सगळीकडे बर्फ आणि त्यात तुम्ही एकटे. इथे झोंबी नाहीत, राक्षस नाहीत. लांडगे आणि अस्वलं आहेत, पण नव्या खेळाडूला त्यांच्यापेक्षा थंडी, तहान आणि भूकच जास्त वेळा संपवते.

खालचे आकडे साधारण व्हॉयेजर मोडचे, म्हणजे मध्यम अवघड पातळीचे आहेत. मोड बदलला की आकडे हलतात, हिशोबाची रीत तीच राहते. ‘विंटरम्यूट’ ही कथा खेळणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी काय बघायचं, अन्न की पाणी?

दोन्हीच्या आधी ऊब. गेममध्ये चार गरजा आहेत: ऊब, विश्रांती, पाणी, अन्न. यातली कुठलीही शून्यावर गेली की ‘कंडिशन’, म्हणजे तुमचा जीव, कमी व्हायला लागतो. पण प्रत्येकीचा वेग वेगळा आहे आणि सगळा खेळ त्या फरकावर उभा आहे. भूक शून्यावर असेल तर दिवसाला साधारण २५ टक्के कंडिशन जाते. तहान शून्यावर असेल तर ५० टक्के. थंडीने गारठलात तर मात्र दिवसाचा हिशोब करायची वेळच येत नाही. पूर्ण कंडिशन पाच-सहा तासांत संपते.

म्हणजे उपाशी माणूस चार दिवस काढतो, तहानलेला दोन, आणि गारठलेला एक रात्रसुद्धा नाही. अंधार पडायला आलाय, दूरवर हरीण दिसतंय आणि ऊब निम्म्यावर आली आहे, तर हरीण सोडा आणि घर गाठा.

सगळीकडे बर्फच बर्फ आहे. मग पाणी कमी का पडतं?

कारण या गेममध्ये पाणी फुकट आहे, पण विस्तव फुकट नाही. बर्फ वितळवायला विस्तव लागतो, वितळलेलं पाणी उकळायला पुन्हा विस्तव लागतो. विस्तवाला सरपण, सरपणाला चालणं, चालण्याला कॅलरी आणि ऊब. पाण्याची प्रत्येक बाटली खरं तर सरपणाच्या मोळीतून येते. हे एकदा लक्षात आलं की तुम्ही खेळायला लागता वेगळ्याच पद्धतीने. रिकाम्या हाताने चालत जाण्याऐवजी वाटेतल्या काटक्या उचलत जाता. कारण काटक्या गोळा करायला कुऱ्हाड लागत नाही, वेळ जात नाही आणि त्या प्रत्येक मुक्कामावर कामाला येतात.

नवीन खेळाडू बहुतेक तहान लागल्यावर पाणी करतात. तोवर रात्र झालेली असते, बाहेर वारा सुटलेला असतो आणि सरपण संपलेलं असतं. पाणी करायची वेळ विस्तव पेटलेला असतानाची, तहान लागल्यानंतरची नव्हे.

पाणी नेमकं कसं करायचं?

भांडं विस्तवावर ठेवा, बर्फ वितळवायचा पर्याय निवडा, किती लिटर ते ठरवा. रिकाम्या डब्यात अर्धा लिटर मावतं, पातेल्यात दोन लिटर. बर्फ वितळला की मिळतं ते अशुद्ध पाणी. तेच पुढे उकळलं की प्यायचं पाणी होतं. भांडं तसंच ठेवलंत तर वितळण्यानंतर उकळणं आपोआप सुरू होतं, त्यामुळे मध्ये उठून काही करावं लागत नाही. पण वेळेवर उतरवलं नाही तर पाणी आटून जातं आणि सरपण वाया जातं. भांड्याकडे बघितलं की किती वेळ उरलाय ते दिसतं. ते बघूनच दुसऱ्या कामाला लागा.

एक साधी संध्याकाळ सांगतो. मिस्टरी लेक या भागातल्या कॅम्प ऑफिसमध्ये तुम्ही चूल पेटवली आहे. एका जागेवर पातेल्यात दोन लिटर बर्फ, दुसऱ्या जागेवर हरणाच्या मांसाचा तुकडा. मांस शिजेपर्यंत खाली बसून फाटलेले मोजे शिवायचे. मांस उतरवलं की त्या जागी दुसरा तुकडा. पाणी झालं की लगेच दुसऱ्या दोन लिटरचं आधण. शेवटी विस्तव विझायला आला की त्याच्यातून एक पेटती मशाल काढून घ्यायची. ही एक चूल पेटवायला एकच काडी लागली आणि तिच्यातून दोन दिवसांचं पाणी, जेवण आणि शिवणकाम एवढं सगळं निघालं. हाच विस्तव फक्त अर्धा लिटर पाण्यासाठी पेटवला असता तरी काडी तेवढीच लागली असती.

रोज किती पाणी लागतं आणि जवळ किती ठेवायचं?

दिवसाला साधारण दोन लिटर धरून चाला. झोपेतही तहान वाढते, त्यामुळे झोपायच्या आधी प्या आणि उशाशी थोडं राहू द्या.

प्रवासात सोबत किती न्यायचं हा जास्त महत्त्वाचा प्रश्न आहे. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, आणि तुमची उचलायची क्षमता सुरुवातीला ३० किलो. कपडे, हत्यार, अंथरूण यातच निम्मं वजन जातं. माझ्या मते एका दिवसाच्या वाटेला दीड ते दोन लिटर पुरे. घरी मात्र दहा-बारा लिटरचा साठा असू द्या. या गेममध्ये साठवलेलं पाणी गोठत नाही, खराब होत नाही, आणि त्यासाठी वेगळी बाटलीही लागत नाही. घरात जमिनीवर ठेवलेलं पाणी महिन्याने आलात तरी तसंच असतं. बर्फाचं वादळ दोन दिवस चाललं की हा साठाच तुम्हाला बाहेर पडण्यापासून वाचवतो.

न उकळलेलं पाणी प्यालं तर?

आमांश होतो. मग अँटिबायोटिक गोळ्या किंवा रेशी मश्रूमचा चहा, भरपूर स्वच्छ पाणी आणि लांब विश्रांती, एवढं सगळं लागतं. म्हणजे अर्धा लिटर पाणी वाचवायला गेलात आणि त्याच्या कित्येक पट खर्च केलात. पाणी शुद्ध करायच्या गोळ्या सापडतात, त्या प्रवासात विस्तव पेटवणं शक्य नसेल अशा वेळेसाठी जपून ठेवा. घरांमधल्या संडासाच्या टाकीतही पाणी मिळतं. ते प्यायचं आहे की अशुद्ध, हे मोडवर अवलंबून असतं, म्हणून घेताना नाव वाचा.

भुकेचा मीटर कसा चालतो?

पोटात जास्तीत जास्त २५०० कॅलरी मावतात. झोपेत तासाला ७५ कॅलरी जातात, जागेपणी त्याहून जास्त, चालताना आणखी जास्त, आणि धावणं, चढणं, लाकूड तोडणं यात सगळ्यात जास्त. ओझं वाढलं की खर्चही वाढतो. धकाधकीच्या दिवसात अडीच हजार सहज संपतात. वादळात घरात बसून काढलेल्या दिवसात त्याहून बरंच कमी लागतं.

मीटर २५०० च्या वर जात नाही. मोठ्या कॅलरीचं खाणं भूक चांगली लागल्यावरच उघडा.

काही जण मुद्दाम उपाशी राहून खेळतात. ते बरोबर आहे का?

हा प्रश्न जुन्या खेळाडूंमध्येही वादाचा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

युक्ती अशी. भूक शून्यावर असली तरी कंडिशन तासाला एखाद्या टक्क्याने कमी होते. उलट पोटात काहीतरी असताना झोपलात तर झोपेत कंडिशन भरून येते. मग दिवसभर उपाशी राहायचं, १०-१२ टक्के जाऊ द्यायचे, आणि झोपायच्या आधी फक्त झोपेपुरतं खायचं. दहा तासांच्या झोपेला ७५० कॅलरी लागतात. दिवसाच्या अडीच हजारांऐवजी ७५० मध्ये काम भागतं आणि सकाळी कंडिशन बऱ्यापैकी परत आलेली असते.

गणित म्हणून हे खरं आहे. खडतर मोडमध्ये सुरुवातीचे दिवस, हातात हत्यार नाही आणि घरात दोनच डबे आहेत, अशा वेळी याच मार्गाने जीव वाचतो आणि मी तो मार्ग आनंदाने सुचवेन. पण कायमची सवय म्हणून नाही. एक तर अशा दिवशी तुमची कंडिशन सतत खालच्या पातळीवर असते, आणि त्याच दिवशी लांडग्याने गाठलं की सावरायला पुरेशी कंडिशन उरत नाही. दुसरं कारण त्याहून मोठं: ‘वेल फेड’ तुम्हाला कधीच मिळत नाही.

‘वेल फेड’ म्हणजे काय?

सलग ७२ तास भुकेचा मीटर एकदाही शून्यावर जाऊ दिला नाही की हा फायदा सुरू होतो. उचलायची क्षमता ५ किलोने वाढते आणि कंडिशनलाही थोडा आधार मिळतो. मीटर शून्यावर गेला की फायदा लगेच जातो आणि ७२ तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

५ किलो ऐकायला कमी वाटतं. पण ५ किलो म्हणजे अस्वलाच्या मांसाचे आणखी ५ तुकडे, किंवा दोन दिवसांचं पाणी आणि वर सरपण. शिकारीवरून परत येताना दोन फेऱ्यांऐवजी एक फेरी झाली तर वाचलेल्या कॅलरीतच त्या ७२ तासांच्या जेवणाचा खर्च वसूल होतो. म्हणून स्थिरस्थावर झाल्यावर पोट कधीच रिकामं ठेवू नका, हे माझं ठाम मत आहे.

घराघरांत सापडलेल्या डब्यांपैकी आधी काय खावं?

दोन गोष्टी बघा: कॅलरी आणि वजन. पीनट बटरची बरणी ९००, कंडेन्स्ड मिल्क ७५०, पोर्क अँड बीन्स ६००, खारे क्रॅकर्स ६००, एनर्जी बार ५००, पीच ४५०, बीफ जर्की ३५०, ग्रॅनोला बार आणि टोमॅटो सूप प्रत्येकी ३००, चॉकलेट बार २५०. सैनिकी जेवणाचं पाकीट, म्हणजे एमआरई, एकटंच १७५० कॅलरीचं असतं. ते सापडलं तर लांबच्या प्रवासासाठी बाजूला काढून ठेवा.

घरात बसून जड डबे संपवा आणि हलके बार प्रवासाला ठेवा. पुष्कळ जण याच्या उलट करतात, कारण बार खायला सोपे. मग डोंगर चढायच्या दिवशी पाठीवर पाच डबे असतात.

तहानेकडेही लक्ष द्या. क्रॅकर्स आणि जर्की खाल्ली की तहान वाढते. पीच, सूप, सोडा यांनी थोडी भागते. पाण्याची चणचण असताना क्रॅकर्सचा पुडा फोडणं महागात जातं.

डबा उघडायला काहीच नाही. काय करू?

आपटून फोडू नका, त्यात बरंचसं सांडतं आणि कॅलरी कमी होतात. बंद डबा विस्तवावर गरम करा. तो नुकसान न होता खाता येतो, गरम जेवणाची ऊब मिळते आणि रिकामा डबा पाणी करायला हाती राहतो. सुरुवातीच्या दिवसांत पातेलं मिळालं नसेल तर हा रिकामा डबा फार मोलाचा. एक तरी नेहमी जवळ असू द्या.

शिकार कोणती परवडते?

इथे लोक मांसाचे किलो मोजतात आणि खर्च मोजायचा विसरतात. आधी आवक बघू. ससा साधारण एक किलोचा, किलोला ४५० कॅलरी. म्हणजे सशांवर जगायचं तर दिवसाला पाच-सहा ससे हवेत. हरीण आठ-दहा किलोचं, किलोला आठशेच्या आसपास; अडीच-तीन दिवसांची सोय. लांडगा तीन ते सहा किलो, किलोला ७०० च्या जवळपास. अस्वल २५ ते ४० किलो, किलोला ९००. मूस, म्हणजे उत्तरेकडचं थोराड हरीण, तसाच, ३० ते ४५ किलो. ३० किलोच्या अस्वलाचे २७,००० कॅलरी होतात, म्हणजे अकरा दिवसांचं पोटभर जेवण.

आता खर्च. सशाला दगड मारून गारद करता येतं, किंवा वाळवलेली आतडी आणि लाकूड वापरून फास लावता येतो. फास लावून तुम्ही घरी जाऊन झोपू शकता, खर्च जवळपास शून्य. हरणाला बाण किंवा गोळी लागते, आणि जखमी हरीण कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही. रक्ताच्या थेंबांचा माग काढत जावं लागतं. मेलेला प्राणी थंडीत गोठायला लागतो. एकदा गोठला की नुसत्या हाताने कापता येत नाही, चाकू-कुऱ्हाड हवी, आणि वेळ वाढतो. तो सगळा वेळ तुम्ही उघड्यावर गुडघे टेकून बसलेले असता. म्हणून प्राणी पडला की त्याच्या शेजारी आधी विस्तव पेटवा. वाऱ्याच्या आडोशाला, जमलं तर एखाद्या कड्याला खेटून. त्या विस्तवावर कापता कापता शिजवायला घ्या आणि पाणीही करून घ्या.

अस्वल सगळ्यात फायद्याचं आणि सगळ्यात धोक्याचं. हल्ला झाला तर माणूस एकदम मरत नाही, पण कंडिशन आणि कपडे दोन्हीची दैना होते. पक्कं घर जवळ असेल, परतीची वाट मोकळी असेल आणि निदान दोन दिवस वादळ नसेल, तरच अस्वलाच्या नादी लागा. आणि एकदा पाडलंत की पहिल्या फेरीत सगळं आणायचा हव्यास नको.

कच्चं मांस आणि आतडी पाठीवर असली की स्क्रीनवर वासाच्या रेघा दिसतात, एक ते तीन. तीन रेघा घेऊन लांडग्यांच्या रानातून जाणं म्हणजे त्यांना हाक मारणंच. शिजवून नेलंत तर वास बराच कमी होतो. अगदी गळ्याशी आलं तर एक तुकडा वाटेत टाका, बऱ्याचदा लांडगा तिकडे वळतो.

लांडग्याचं आणि अस्वलाचं मांस खाल्लं तर जंत होतात म्हणे?

हो, आणि शिजवलेलं असलं तरी. शिकारी प्राण्यांचं मांस खाल्लं की आतड्यातल्या परजीवींचा धोका स्क्रीनवर टक्क्यांत दिसतो. पहिल्या तुकड्याला तो अगदी थोडा असतो, त्यावर लगोलग दुसरा, तिसरा खाल्ला की वाढत जातो. एक तुकडा खा, धोक्याचं चिन्ह जाईपर्यंत थांबा, मग पुढचा. मधल्या वेळेत हरीण, ससा, मासे किंवा डबे चालतील, त्यांना हा धोका नाही. लागण झालीच तर दहा दिवस रोज अँटिबायोटिक किंवा रेशीचा चहा घ्यावा लागतो. तेवढा औषधसाठा सुरुवातीला कुणाकडेच नसतो.

स्वयंपाकाचं स्किल पाचव्या पातळीला गेलं की शिजवलेल्या मांसाचा हा धोका पूर्ण संपतो. अन्नाच्या बाबतीत पुऱ्या गेममधला सगळ्यात मोठा टप्पा हाच.

म्हणजे स्वयंपाकाचं स्किल मुद्दाम वाढवायचं का?

नक्की. रोजच्या रोज शिजवत राहिलात तर ते आपसूक वाढतं. सूप गरम करा, चहा करा, मिळेल ते शिजवा. स्वयंपाकाची पुस्तकं सापडतात, ती वादळाच्या दिवशी वाचा. प्रत्येक पातळीला शिजवलेल्या अन्नाच्या कॅलरी थोड्या वाढतात. तेच अस्वल, तेच मांस, पण हात बसलेल्या माणसाला त्यातून जास्त मिळतं.

पाचव्या पातळीनंतर शिजवलेलं मांस पूर्ण खराब दाखवत असलं, तरी ते खाऊन विषबाधा होत नाही. त्यानंतर मांस टिकवायची काळजीच उरत नाही.

तोवर मांस कुठे ठेवायचं?

घराबाहेर, थंडीत. घरातल्या उबेत मांस लवकर खराब होतं, बाहेर बर्फात बरंच सावकाश. शिजवल्यावर त्याची स्थिती सुधारते, म्हणून कच्चं मांस बाहेर साठवून, थोडं थोडं आत आणून शिजवणं चांगलं. स्थिती घसरलेलं मांस पाचव्या पातळीआधी खाऊ नका. विषबाधेवरही तोच उतारा आहे: औषध आणि दहा तास विश्रांती.

मासेमारीत अर्थ आहे का?

आहे, पण घाईच्या माणसाला नाही. मिस्टरी लेक आणि कोस्टल हायवे या दोन्ही ठिकाणी गोठलेल्या पाण्यावर मासेमारीच्या झोपड्या आहेत. बर्फाला भोक पाडायचं, भंगार धातूपासून गळ आणि आतड्यापासून दोर करायचा, आणि बसायचं. झोपडीत चूल असते, त्यामुळे मासे लागेपर्यंत पाणी करता येतं, मिळालेला मासा तिथेच शिजवता येतो. माशातून दिव्याचं तेलही निघतं, आणि काळोख्या गुहांमध्ये त्या तेलाची किंमत कळते. हरणांची वाट बघण्यापेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं. दिवसभर झोपडीत बसायचं तर सरपण मात्र आदल्या दिवशीच आणून ठेवायला हवं.

काड्या संपत आल्या आहेत. पाणी कसं करणार?

भिंग शोधा. लख्ख ऊन असेल तेव्हा उघड्यावर भिंगाने विस्तव पेटतो आणि भिंग कधीच संपत नाही. बाहेर काटक्यांचा छोटा विस्तव करा, त्याच्यातून मशाल काढा, ती घेऊन घरात जा आणि चूल पेटवा. वारा जोराचा असेल तर मशाल वाटेत विझते, म्हणून विस्तव दाराशीच करा. सकाळी ऊन पडलेलं दिसलं की बाकी बेत बाजूला ठेवून हे काम आधी उरकावं.

कोळसा सापडला तर तो पेटत्या विस्तवात नंतर घालायचा. तो जास्त उष्णता देतो.

चहा-कॉफीचा उपयोग होतो का?

होतो. गरम पेयाने काही काळ ऊब टिकते. कॉफीने थकवा कमी होतो, रोझ हिपचा चहा दुखण्यावर, रेशीचा चहा अँटिबायोटिकच्या जागी. बर्च झाडाच्या सालीच्या चहातून १०० कॅलरी मिळतात आणि कंडिशनही थोडी सुधारते. बाहेर पडायच्या आधी गरम कप घेऊन निघा.

मी शाकाहारी आहे. मांस न खाता हा गेम खेळता येईल का?

आपल्याकडे हा प्रश्न खूप जण विचारतात आणि तो मला रास्त वाटतो. श्रावण पाळणाऱ्या माणसाला पडद्यावरही अस्वल कापत बसणं नको वाटू शकतं.

काही काळ खेळता येतं. पीनट बटर, पीच, सूप, क्रॅकर्स, बार, सोडा ही सगळी सोय आहे. त्यात सर्वात मोठा आधार कॅटटेलचा, म्हणजे आपल्या पाणकणसाच्या कुळातल्या वनस्पतीचा. तळ्यांच्या आणि दलदलीच्या कडेला ती उभी दिसते. एका देठाला १५० कॅलरी, वजन नगण्य, आणि तो कधीच खराब होत नाही. वरचं कणीस विस्तव पेटवायला कामी येतं. पंधरा-सतरा देठ म्हणजे दिवसभराचं जेवण, आणि ते पाठीवर जाणवतही नाही.

अडचण अशी की कॅटटेल एकदा तोडलं की पुन्हा उगवत नाही आणि डबेही मर्यादित आहेत. म्हणजे तुम्हाला एका भागातून दुसऱ्या भागात सतत फिरत राहावं लागेल. पिलग्रिम मोड निवडा. तिथे प्राणी स्वतःहून हल्ला करत नाहीत, त्यामुळे फिरणं सुखाचं होतं. मिस्टरी लेकपासून सुरुवात करा, मग कोस्टल हायवे, मग प्लेझंट व्हॅली. कायमचं एकाच घरात राहायचं असेल तर मात्र मासे किंवा मांस टळत नाही.

इंटरलोपर मोडमध्ये हे सगळं असंच चालतं का?

तिथे बंदूक नाही, तयार चाकू-कुऱ्हाड नाही, ती भट्टीवर घडवावी लागते. थंडी जास्त आणि सापडणारं खाणं कमी. पहिल्या आठवड्यात कॅटटेल, ससे आणि मघाशी सांगितलेली उपाशी राहायची युक्ती, यांच्यावरच भागवावं लागतं. धनुष्य हाती आलं की चित्र पालटतं. त्यासाठी मेपल आणि बर्चची कोवळी झाडं तोडून ती वाळायला ठेवावी लागतात. हे काम पहिल्याच दिवसात सुरू करा, कारण ती वाळायला बरेच दिवस जातात.

महिनाभर पुरेल एवढा साठा करून घरातच बसून राहिलं तर?

‘केबिन फीवर’ येतो. सतत चार भिंतींत राहिलात की माणसाला घरात झोप लागेनाशी होते, बाहेरच रात्र काढावी लागते. रोज थोडा वेळ तरी बाहेर जा. सरपण, फास आणि मासेमारी यांची कामं वाटून घेतलीत तर हा प्रश्न येतच नाही.

या गोष्टी खऱ्या ट्रेकमध्ये उपयोगी पडतात का?

काही पडतात, काही अजिबात नाहीत, आणि दोन्ही ओळखणं गरजेचं आहे.

पाणी उकळून पिणं खरं आहे. खऱ्या आयुष्यात खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं, आणि दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाईही १६४६ मीटरच आहे, त्यामुळे सह्याद्रीत कुठेही एक मिनिट पुरेल. हिमालयात गेलात तर तीन मिनिटांची सवय लावा.

अस्वलाच्या मांसातले परजीवीही खरे आहेत. ट्रायकिनेला नावाचा हा जंत आहे आणि उत्तरेकडच्या त्याच्या काही जाती मांस गोठवूनही मरत नाहीत. फरक एवढाच की खऱ्या आयुष्यात मांस पूर्ण शिजवलं की त्या मरतात, गेममध्ये स्किल वाढेपर्यंत धोका राहतो.

गेम ज्याकडे काणाडोळा करतो अशी एक गोष्ट: नुसत्या सशांच्या मांसावर माणूस फार दिवस तगत नाही. त्यात चरबी फारच कमी असते आणि शरीर एवढं प्रथिन पेलू शकत नाही. उत्तरेकडच्या शिकाऱ्यांना हे जुन्या काळापासून माहीत होतं. आणि उपाशी राहून रात्री ७५० कॅलरी खाण्याची युक्ती फक्त पडद्यावरची आहे. थंडीत चालणाऱ्या माणसाला जास्त खावं लागतं, कमी नाही. ट्रेकला जाताना शेंगदाण्याचे लाडू किंवा गूळ-दाणे भरपूर न्या आणि तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा.

सगळं केलं तरी अन्न पुरत नाही. आकडे कमी-जास्त करता येतात का?

कस्टम मोडमध्ये येतात. कॅलरी किती वेगाने संपाव्यात, तहान किती लागावी, प्राणी किती असावेत, घरांत वस्तू किती सापडाव्यात, हे सगळं वेगवेगळं ठरवता येतं. नव्याने शिकणाऱ्याने तहान-भूक व्हॉयेजरसारखीच ठेवून फक्त लांडगे कमी करावेत. म्हणजे विस्तवाची आणि पाण्याची शिस्त निवांत अंगवळणी पडते. नंतर लांडगे परत वाढवा.